आडवी डहाळी

आधी बुढीचं सांगते, मग वाटेचं. वाट मी माझ्याच पायांनी चालले, पण त्या सांजेला घरी पोचले ती तिच्यामुळं. घरधन्याचा ताप कोयनेलच्या गोळ्यांनी उतरला असं कोणीही म्हणेल. मी म्हणते, बुढीनं पान्हा सोडलेली म्हैस तशीच टाकली म्हणून उतरला. दोन्ही खरं आहे.

बुढी गवळ्याची. मेळघाटातल्या आमच्या लहानशा गावाच्या वरच्या अंगाला गवळ्यांची घरं होती, त्यातलं पहिलं तिचं. नाव होतं तिला, पण सुनेपासून पाटलापर्यंत सगळे बुढीच म्हणत. अंगानं तुरीची काडी, हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं, पायांत वहाण कधी नाही. म्हशींचं दूध आटवून खवा करायची आणि दर दोन-चार दिवसांनी टोपलीत पानं घालून तो चिखलदऱ्याला नेऊन द्यायची. वाघाच्या रानातून एकटी. परत आली की पाय धुवायची आणि धार काढायला बसायची, जणू शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आली.

मी बार्शीटाकळीकडची. काळ्या मातीतली. आमच्याकडं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिलं की पल्याडच्या गावचं देऊळ दिसतं, आणि बैलगाडी निघाली की ती कोणाची हे ती ठिपक्याएवढी असतानाच कळतं. दुसरीत होते तेव्हा धाकटा भाऊ झाला. माय कापूस वेचायला जाऊ लागली, त्याला सांभाळायला मी घरी राहिले, आणि पाटी कोनाड्यात गेली ती गेलीच. पुढं जंगलखात्यातल्या नाकेदाराशी लग्न झालं. सरकारी माणूस, महिन्याचा पगार, बापाला आनंद झाला. नोकरी कुठं आहे हे कोणी नीट विचारलंच नाही.

मला भ्यायला कारण लागत नसे. साग वाऱ्यानं सळसळला तरी मी भ्यायची, आणि नाही सळसळला तर आता काय होणार म्हणून भ्यायची. हे फेरीवर गेले की दाराला कडी घालून बसायची. बुढीला ते कळलं होतं. जाता येता कडी वाजवून म्हणायची, "नाकेदारीन बाई, जिती हायेस का वं? वाघ आला होता, तुले पुसून गेला!" आणि सुनेकडून दूध पाठवायची.

श्रावणातली गोष्ट. झड लागली होती. यांना हिवताप भरला. थंडी वाजून यायची तेव्हा घरातली सगळी पांघरुणं घालून मी वरून स्वतःच्या अंगाचा भार टाकायची, तरी बाज हलायची. घरातलं कोयनेल संपलं. ताप एक दिवसाआड सांजेला चढत होता आणि दर खेपेला हे जास्त बडबडत होते. शेवटच्या खेपेला मला ओळखलंही नाही. आता पुढची सांज आली, तर औषध घरात असायला पाहिजे, एवढं एकच मला कळत होतं. नाल्याला पूर होता, सरळ वाट बंद. माणूस पाठवायचा तर गडी भाताच्या रोवणीला गेलेले.

बुढी दारात आली, यांच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडं पाहिलं.

"उद्या तांबडं फुटलं का मी खवा घेऊन चिखलदऱ्याले निघतो. वरच्या धारेनं, डोंगराच्या माथ्यावरून. येतं का?"

"मी?"

"मंग काय म्हैस पाठवू? दवाखान्यात थे लोक माह्यापाशी औषध देत नाईत. तू घरची हायेस, तुले दोन अक्षरं येतेत. तुह्या नवऱ्यापाशी माही सून बसन."

रात्रभर मी नको म्हणायचं कारण शोधत होते. पहाटे ती दारात उभी राहिली, तेव्हा मी वहाणा घालून तयार होते. वहाणा लग्नातल्या होत्या. बुढीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि चालू लागली.

गावामागूनच चढ लागला. तांबडी निसरडी माती, आणि दोन्ही अंगांना बांबू. बुढीनं शिकवलं, बांबूचा जुना दांडा धरायचा, कोवळा नाही. कोवळा वाकतो आणि आपल्याला घेऊन जातो. मी धरत गेले, चढत गेले, आणि पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं की मी ज्या रानाला कडी लावून बसत होते, त्याच्या आत काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं. सागाला पांढरे तुरे आले होते. एवढं मोठं झाड आणि एवढंसं फूल. खाली सगळी वाट तांदूळ सांडल्यासारखी. ऐनाच्या खोडावर शेवाळ असं चढलं होतं की हात ठेवला तर मांजराच्या पाठीवर ठेवल्यासारखा वाटला. फांद्यांच्या बेचक्यांत नेचे, नेच्यांत पाणी, पाण्यात किडे. कोळ्याची जाळी दोन झाडांच्या मधे ताणलेली, तिच्यावर थेंब, आणि मधोमध माझ्या पंजाएवढा कोळी. मी थबकले. बुढीनं काठीनं जाळी मोडली नाही. वाकून खालून गेली.

"त्याचं घर हाये. आपल्याले वाकता येते का नाई?"

मग मीही वाकले.

कुठून तरी कोणी शीळ घालत होतं. एखादा उनाड गडी सुरात चुकत चुकत घालतो तशी. मी पदर सावरला. बुढी हसली. "पाखरू हाये वं! नाल्याकाठचं. त्याले तुह्या पदराची काई पडली नाई." पाखरू दिसलं नाही. पण माथ्यापर्यंत शीळ आमच्याबरोबर आली, आणि खरं सांगते, मला सोबत वाटली.

धारेवर आलो तेव्हा सगळं धुकं. बुढी पुढं, मी मागं, मधे तिच्या टोपलीतून येणारा खव्याचा वास. मी त्या वासाच्या मागं चालले. बुढीची चाल पाहण्यासारखी होती. घाई नाही, थांबणं नाही. दगडावर पाय ठेवायची तो दगड हलायचा नाही. त्याच दगडावर मी ठेवला की हलायचा. मी म्हटलं, हे कसं? म्हणाली, "तू दगडाले भेतं, थो तुले भेते."

दवाखान्यात कंपाउंडरनं विचारपूस केली, गोळ्या बांधून दिल्या आणि कधी, कशावर, किती द्यायच्या ते दोनदा वदवून घेतलं. पुडीवर लिहिलंही. मी अक्षर अक्षर लावून वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "शाबास, बाई." शाळा सुटल्यापासून मला शाबास कोणी म्हटलं नव्हतं. पुडी मेणकापडात गुंडाळली, पदराच्या टोकाला बांधली आणि ते टोक कमरेला खोचलं. बुढीनं खवा दिला. मारुतीच्या पारावर आम्ही भाकरी खाल्ली आणि निघालो.

निघालो ते आल्या वाटेनं नाही. मी तिकडंच वळले होते, तर बुढीनं दंड धरला. "थे चढाची वाट हाये, उतराची नाई. त्या गाऱ्यावरून उतरशीन तं नवऱ्याच्या आंधी तुलेच बाजंवर टाका लागन." म्हणून डोंगराला वळसा घालून, दुसऱ्या धारेनं उतरायचं. वाट लांब, पण पायाखाली खडक. सगळा दिवस असा हातातल्या कड्यासारखा गोल फिरला. सकाळी गावाच्या पाठीमागून निघालो, सांजेला समोरून यायचं होतं.

ती दुसरी धार! मी पुष्कळदा आठवते. पठारावर गुडघाभर गवत आणि त्यात निळी, जांभळी, पिवळी फुलं, कोणी पेरली नाहीत, कोणी निंदली नाहीत. आमच्या शेतात असतं तर बापानं तण म्हणून उपटलं असतं. पाणी वाटेनंच वाहत होतं, पण काचेसारखं. आमच्याकडं पावसात काळी माती वहाण ओढून घेते, पाय उचलला की मणाचा होतो. इथं पाऊस पडून पाय उलट धुतला जात होता. धुकं उचललं तेव्हा दरीपलीकडच्या कड्यावरून धबधबे लोंबत होते. एकाचा आवाज आपल्यापर्यंत येईतो दुसरा धुक्यात जायचा. मी म्हटलं, "मावशी, हे सगळं तुमी रोज पायता?"

"पायतो तं. पन म्हैस पयले पायतो."

पण माझे पाय गेले होते. वहाणांनी टाचा सोलल्या. त्या काढून हातात घेतल्या तर तळवे कोवळे, प्रत्येक खडा बोलायचा. बुढी दर वळणावर थांबायची आणि आभाळाकडं पाहायची. तिची एक म्हैस नुकतीच व्यालेली. ती तिच्याशिवाय कोणाला धार देत नसे. सून बसली की लाथ मारायची.

शेवटी बुढी म्हणाली, "आयक. तुह्या पायाले घाई करशीन तं घसरशीन. मी म्होरं जातो. आता वाट उताराचीच हाये, भेवाचं काई नाई. म्होरं एक फाटा लागते, तथी डहाळी टाकून ठेवतो. डहाळी पाहून येजो. औषध देतं माह्यापाशी?"

मी कमरेच्या गाठीवर हात ठेवला. गोळ्या कधी द्यायच्या ते मला पाठ, पुडीवरचं वाचता मला येतं. खरं म्हणजे सबंध दिवसात हातात धरता येईल असं तेवढंच माझ्याजवळ होतं. मी म्हटलं, "राहू द्या. आलीच मी मागनं."

"ये मंग," म्हणाली, आणि बघता बघता सागाच्या पानांत दिसेनाशी झाली.

फाटा आला. दोन वाटा. उजवीकडची बारीक, गवतात शिरलेली, माणूस जात असेल की ससा हे न कळणारी. डावीकडची रुंद, मळलेली, म्हशींच्या खुरांनी ठोकलेली. आणि त्या रुंद वाटेवर सागाची हिरवी डहाळी, आडवी.

आता हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. वऱ्हाडात शेताच्या तोंडाशी बाभळीची काटी, म्हणजे काट्यांची फांदी, आडवी लावलेली असते. ती जनावरांसाठी. काटी दिसली की समजावं, वाट चालती आहे, मालकाचा राबता आहे. गुरं तेवढी आत जायला नकोत. माणूस येतो, काटी उचलतो, आत जातो, आणि परत होती तशी लावतो. न लावता गेला तर शिव्या खातो. मी लहानपणापासून हेच केलेलं. मला वाटलं, बुढी इथून गेली आणि मागं म्हशी येऊ नयेत म्हणून डहाळी लावून गेली. मला शंकासुद्धा आली नाही. मी डहाळी उचलली, पलीकडं गेले, आणि बापाचा हात डोक्यावर असल्यासारखी ती नीट परत आडवी लावली.

वाट सुरेख होती. मला वाटलं, चला, आता गाव आलंच. जांभळीच्या झाडांखालून गेले, एक ओहोळ ओलांडला. मग ध्यानात आलं की शेण आहे पण जुनं, पावसानं विरघळलेलं. बुढीच्या पायाचा एकही ठसा नाही. आणि नाल्याचा आवाज, जो उजव्या हाताला असायला पाहिजे, तो पायांच्या खालून येत होता. आणखी चार पावलं गेले आणि वाट संपली. संपली म्हणजे तुटली. डोंगराचा एक अख्खा लचका खाली गेला होता. तांबडी ओली माती, उलटी पडलेली झाडं, आणि मग नुसतं धुकं.

मी खाली बसले. तेवढ्यात धुकं फाटलं. पायांखाली सगळी दरी दिसली, हिरव्यावर हिरवं, कुठं काळपट, कुठं पोपटी, मधून चांदीची नदी, आणि पार खाली एका घरातून निघणारा धूर. ते आमचंच गाव होतं. घरं ओळखू येत होती. सांज होत होती, त्या खालच्या घरांतल्या एकात यांना थंडी वाजायला लागली असेल, आणि गोळ्या इथं, माझ्या कमरेला. एवढं देखणं मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि एवढी घाबरलेही नव्हते. दोन्ही एकदम कसं होतं हे मला आजही सांगता येत नाही.

मागं फिरायला पाहिजे हे कळत होतं. फिरलेही. पण ओहोळापाशी येताना जी एक वाट होती, तिच्या परतताना तीन झाल्या. कोणती आपली? चुकीची धरली तर आणखी आत. मी जांभळीला पाठ लावून उभी राहिले आणि ओरडले. आधी "मावशी" म्हणून, मग "माय वं" म्हणून. रानानं माझाच आवाज मला परत दिला.

किती वेळ गेला माहीत नाही. मग लांबून हाक आली. "होओ... ए... होओ..." म्हशींना गोळा करायची बुढीची हाक. रोज सांजेला मी ती कडी लावून ऐकत असे. मीही तशीच ओरडले, "होओ!" हाक जवळ आली, आणि झाडांतून बुढी. पदर कमरेला गुंडाळलेला, हाताला दुधाचा वास.

"म्हैस सापडली!" ती म्हणाली आणि खाली बसून हसायला लागली. मी रडायला लागले.

चालता चालता तिनं सांगितलं. घरी पोचली, पारडू सोडलं, म्हशीनं पान्हा सोडला, चरवी मांडीत घेतली. तिच्या अंगणातून समोरच्या धारेवरचा एक उघडा टप्पा दिसतो. कितीही हळू आले तरी तोवर मी तिथून उतरायला पाहिजे होते. दिसले नाही. तिनं चरवी खाली ठेवली आणि निघाली.

"आन् तुमाले कसं समजलं मी त्या वाटेनं गेली?"

"डहाळीनं सांगतलं. म्या टाकली होती कशी बी. तथी पायतो तं कोनं येकदम नीट लावून ठेवली, बुंधा इकडं, पानं तिकडं. वाघ असं करत नाई, अस्वल करत नाई. म्हटलं, हे काम नाकेदारीनीचं."

मी तिला शेताच्या काटीचं सांगितलं. माणूस उचलतो, जातो, परत लावतो. बुढी वाटेतच थांबली.

"म्हंजे तुले वाटलं, म्या माह्या म्हशीसाठी डहाळी टाकली?"

"हाव."

"अवं, माह्या म्हशीले मालूम हाये थे वाट मागच्या झडीत खचली म्हनून! त्याइले डहाळी नाई लागत. डहाळी तुह्यासाठी होती. आडवी डहाळी म्हंजे वाट मेली. मेलेल्या वाटेवरून कोनी जाते का?" मग स्वतःशीच, "पन तुले तरी कोन सांगतलं? इथी पोट्टं रांगायच्या आंधी शिकते, म्हनून म्याही सांगतलं नाई."

घराशी आलो तेव्हा घरोघर चिमण्या पेटत होत्या. यांची थंडी सुरू झाली होती, पण डोळ्यांत ओळख होती. पदराची गाठ भिजून घट्ट बसली होती. बुढीनं दातांनी सोडली. मी पुडीवरचं परत एकदा वाचलं आणि गोळी दिली. त्या खेपेचा ताप आलाच, तो काही मी थांबवला असं म्हणत नाही. पण बडबड झाली नाही, पुढची पाळी हलकी गेली आणि त्यानंतरची आलीच नाही.

बुढी आपल्या गोठ्यात गेली तेव्हा मी मागून गेले. पारडू दूध पिऊन तट्ट, गवतात लोळत होतं. म्हशीच्या सडांत थेंब नव्हता. बुढी म्हणाली, "आज याचा पोळा झाला. पाह्य, डोये कसे मिटले." आणि रिकामी चरवी पालथी घातली.

हे बरे झाले तेव्हा त्यांना डहाळीची गोष्ट कळली. सबंध गावाला आधीच कळली होती. हे म्हणाले, "सरकारच्या साऱ्या खुना मी पाठ केल्या, पन तुले हे येक सांगाचं राहूनच गेलं." पुढं कितीतरी दिवस माझ्या दारासमोर कोणी ना कोणी पोरगी डहाळी आडवी टाकून पळायची, आणि बुढी लांबून ओरडायची, "नीट उचलून ठेवजो वं, नाकेदारीन!" मी दाराला कडी लावायचं केव्हा सोडलं ते मला आठवत नाही.

आता यांची बदली झाली आहे. दुसरं रान, दुसरी माणसं, घर अजूनही तितकंच लांब. इथं आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर शेजारणीला विचारलं की तुमच्याकडं वाट बंद असली तर खूण काय करता. ती माझ्याकडं पाहतच राहिली.

निघायच्या दिवशी बुढीनं मला विचारलं होतं, "तुह्या देशात जमीन सपाट असते म्हनतेत. पार आभायापर्यंत. खरं हाये का?" मी म्हटलं, खरं. ती म्हणाली, "मंग पानी कुठं जाते? आन् म्हैस चुकली तं?" मी म्हटलं, म्हैस चुकतच नाही, दिसते. तिला ते काही पटलं नाही. मान हलवून म्हणाली, "पाह्यलं पाह्यजे येक बार."

तर ते राहिलं आहे माझ्याकडं. जवारी हुरड्यावर येईल अशा एखाद्या साली मी तिला परतवाड्याहून गाडीत बसवून बार्शीटाकळीला नेईन. सकाळी बापाच्या वावरातून निघू, शिवेशिवेनं सगळ्या गावाला वळसा घालू आणि सांजेला घरी येऊ. या खेपेला पुढं मी चालेन. तिचे पाय काळ्या मातीत जड होतील, तिला उशीर होईल. पण मी तिला टाकून पुढं जाणार नाही, आणि जायची वेळ आलीच, तर जाण्याआधी धुऱ्यावरच्या काटीचं सगळं सांगून जाईन.